स्पीकरमधली घूंऽऽ आणि जमिनीची तार
ॲम्प्लिफायरमधून 50 हर्ट्झची घूंऽऽ आली की कोणीतरी सांगतंच, प्लगची अर्थ पिन काढून टाक. अजिबात काढू नका, शॉकपासून तीच वाचवते.

1838 मध्ये श्टाइनहाइलने दाखवलं की तारायंत्राला परतीची तार लागत नाही, जमीन पुरते. टेलिफोननेही ही एकतारी पद्धत उचलली. मग विजेच्या ट्राम आल्या, त्यांचाही प्रवाह जमिनीतून परतू लागला आणि फोनमध्ये गोंगाट! पीळ दिलेल्या दोन तारांचं पेटंट बेलने 1881 मध्येच घेतलं होतं. पण दुसरी तार म्हणजे जादा खर्च.

घरातही तेच. दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये किंचित व्होल्टेजचा फरक असतो, म्हणून केबलच्या शील्डमधून प्रवाह वाहतो. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावून पाहा. लॅबमध्ये ऑसिलोस्कोपवर 50 हर्ट्झ दिसला तरी पहिली तपासणी हीच.