इरी काउंटीतले सहाशे मतदार

मागच्या व्याख्यानात आपण १९३६ची गॅलपची गोष्ट पाहिली. नेमका नमुना निवडायचा, एकदा विचारायचं, टक्केवारी काढायची. पण मत बनतं कसं, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी त्याच माणसाकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं.

१९४० साली रूझवेल्ट विरुद्ध विल्की अशी लढत होती. ओहायो राज्यातल्या इरी काउंटीत पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी मे महिन्यात दर चौथ्या घराचं दार वाजवलं. त्यातून सहाशे माणसं निवडून नोव्हेंबरपर्यंत दरमहा त्यांना गाठलं. सारखं विचारल्यानेच माणूस बदलत नाही ना, हे तपासायला तेवढेच आणखी तीन गट बाजूला ठेवले. ही खबरदारी लक्षात ठेवा, आजच्या पाहण्यांत ती क्वचित दिसते.

आता हे संशोधक काय शोधायला निघाले होते? रेडिओ आणि वर्तमानपत्रं मतदाराला कसं फिरवतात, हे. लाझार्सफेल्ड मूळचे व्हिएन्नाचे ज्यू. युरोपात प्रचाराने काय केलं ते जग पाहत होतं, त्यामुळे ही भीती पोकळ नव्हती.

हाती आलं ते भलतंच. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के लोकांचं आधीचंच मत प्रचाराने पक्कं झालं. एका पक्षाकडून थेट दुसऱ्याकडे गेलेले फक्त ८ टक्के. आणि गंमत बघा, जे सर्वांत जास्त वाचत-ऐकत होते त्यांचं बहुतेक आधीच ठरलेलं होतं. ज्यांचं ठरायचं होतं, त्यांच्यापर्यंत प्रचार सगळ्यांत कमी पोचत होता!

मग ते ठरवत कसे? हॉटेलात काम करणाऱ्या एका बाईने सांगितलं, विल्कीविरुद्ध पेपरात थोडंफार वाचलं होतं, पण मत बदललं ते गिऱ्हाइकांच्या बोलण्यामुळे. अशी उत्तरं वारंवार आली. पेपर, रेडिओ आधी काही मोजक्या माणसांपर्यंत, आणि त्यांच्याकडून इतरांपर्यंत. अशी माणसं सर्व थरांत होती, फक्त बड्या घरांत नव्हे. गावात एकाने पेपर मोठ्याने वाचायचा नि दहाजणांनी ऐकायचा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं नवल वाटू नये.

मात्र इथे एक कच्चा दुवा आहे. गप्पांचा अभ्यास करायचा, असं मुळात ठरलेलंच नव्हतं. 'तुम्ही कुणाला पटवायचा प्रयत्न केलात का, तुमचा सल्ला कुणी विचारला का', एवढ्या दोन प्रश्नांवर 'मतपुढारी' ठरवले गेले. म्हणजे ज्याने स्वतःला पुढारी म्हटलं, तो पुढारी. म्हणून १९४५ साली इलिनॉयमधल्या डेकेटर शहरात सुमारे ८०० स्त्रियांना विचारलं, तुम्ही कुणाचं ऐकता? आणि मग त्या व्यक्तींनाही गाठलं. बाजारहाट, कपडे, सिनेमा याबाबत बायका बहुधा बायकांचीच नावं घेत. राजकारणाचं आलं की नाव बऱ्याचदा नवऱ्याचं किंवा वडिलांचं निघे. त्याकडे आपण पुढच्या वेळी वळू.