फोटोखाली नाव कुणाचं?

आमच्या बचत गटातल्या बऱ्याच जणी हल्ली मोबाइलवर फुलांचे फोटो काढतात. जास्वंदीच्या पाकळीवरचा थेंब, संत्र्याची कळी, तुळशीची मंजिरी. वस्तू आहे तेवढी किंवा त्याहून मोठी टिपायची, याला मॅक्रो छायाचित्रण म्हणतात. घरचे म्हणतात, "रिकामा उद्योग!" पण या उद्योगाच्या इतिहासात सुरुवातीलाच एक बाई भेटते.

इंग्लंडच्या ॲना ॲटकिन्स यांना पाण्यातल्या शेवाळाचा अभ्यास होता. इतक्या बारीक वनस्पतींची हुबेहूब चित्रं काढणं अवघड. म्हणून त्यांनी लोहक्षार लावलेल्या कागदावर शेवाळ ठेवलं, कागद उन्हात धरला, मग पाण्यात धुतला. निळ्या कागदावर पांढरी आकृती उमटली, शेवाळाएवढीच. कॅमेरा लागलाच नाही. १८४३ पासून त्यांनी अशा छायाचित्रांचं पुस्तक काढलं. छायाचित्रांनी सजलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. त्यावर सही फक्त 'ए. ए.' पुढे काहींनी तिचा अर्थ 'अनामिक हौशी' असा लावला!

आपल्याकडे मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. पण तेव्हाचा अवजड कॅमेरा, काचा, रसायनं हा खर्च साध्या घरातल्या बाईला कुठून झेपणार?

पुढे मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. त्यांचेही सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून आले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आज कॅमेरा आपल्या हातात आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात फुलावर थोडं पाणी शिंपडा. मोबाइल टेकवून धरा, म्हणजे हात हलणार नाही. थेंबामागे थोड्या अंतरावर दुसरं फूल धरा. थेंब भिंगासारखा वागतो, त्यात मागचं फूल उलटं दिसेल.

आणि एक करा. फोटो गटात टाका, पापडाच्या पाकिटावर छापा, नाहीतर मुलाच्या मोबाइलवरून पाठवा, पण खाली स्वतःचं नाव लिहा. पूर्ण नाव. बचत गटाच्या वहीत आपण सही करतो ना, तसंच.