‘संथ’ शब्दावरचा आळ

‘छान आहे, पण संथ आहे.’ कुठल्याही नव्या सिनेमाबद्दल विचारलं की हल्ली हे उत्तर मिळतं, आणि त्या वाक्यातला ‘पण’ पुढचं सगळं ठरवून टाकतो. शनिवारी दुपारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आज काय बघावं?’ असा प्रश्न येतो, तिथेही हेच. वर्तमानपत्राच्या पुरवणीतल्या चार ओळींच्या शिफारशीतही हेच. ‘संथ’ म्हणजे वगळा, असा अर्थ आता पक्का झाला आहे. हा निकाल मला मान्य नाही. पण खंडन करायचं तर आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडलं पाहिजे, कारण ते पोकळ नाही.

पूर्वपक्ष असा. माणूस दिवसभर राबून, गर्दीत उभ्याने प्रवास करून घरी येतो. जेवणं आटोपल्यावर हाती उरतो तास-दीड तास. चौघांचं कुटुंब मल्टिप्लेक्सला गेलं तर तिकिटं, खाणं आणि पार्किंग मिळून महिन्याच्या हिशोबात खड्डा पडतो. ओटीटीवर तर निवडता निवडताच डोळे मिटायला लागतात. अशा माणसाला ‘पहिला अर्धा तास काही घडत नाही’ एवढं कुणी सांगितलं तर ते त्याच्या भल्याचंच आहे. शिवाय महोत्सवात पारितोषिक मिळालं म्हणून कंटाळा आला तरी तोंड मिटून का बसावं? प्रेक्षकाला कंटाळा येणं हा गुन्हा नाही.

यातलं बहुतेक मला मान्य आहे. प्रेक्षकाचा वेळ मोलाचा आहे, हेच माझ्याही म्हणण्याचं मूळ आहे. माझा वाद आहे तो एकाच गोष्टीशी. कंटाळ्याचं खापर लयीवर फोडलं जातं, आणि लय निर्दोष आहे.

आपल्या भाषेलाच विचारून पाहू. मराठीत ‘संथ’ हा शब्द दोष दाखवायला नव्हताच. नदी संथ वाहते असं आपण म्हणतो तेव्हा तिला नावं ठेवत नाही. दोष सांगायला आपल्याकडे शब्दांची वाण नाही. रटाळ आहे, पाल्हाळ आहे, पसरट आहे. पाणी घालून वाढवलेल्या आमटीसारखं काही असेल तर त्यालाही ‘पाणचट’ हा नेमका शब्द आहे. एवढे शब्द हाताशी असताना आपण ‘संथ’ वापरतो, आणि त्यामुळे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात. एकीकडे ज्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नाही म्हणून जो रेंगाळतो, आणि दुसरीकडे सांगण्यासारखं इतकं आहे की घाई केली तर सांडेल, म्हणून जो जपून चालतो.

गाण्यातल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. विलंबित ख्यालात दोन मात्रांमधली जागा मोठी असते. ती जागा भरायला गायकाजवळ ऐवज लागतो. ज्याच्याजवळ तो नाही, त्याचं पितळ विलंबितात पहिल्या दोन आवर्तनांतच उघडं पडतं. द्रुत लयीत तयारीच्या जोरावर बरंच झाकता येतं. म्हणजे संथ लय ही सवलत नव्हे, ती कसोटी आहे. गायक त्या कसोटीला उतरला की नाही हे जरूर बोलावं. लय विलंबित होती, ही तक्रार मात्र होऊ शकत नाही.

या संदर्भात चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ आठवणं अपरिहार्य आहे. 2020 मध्ये व्हेनिस महोत्सवात त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं आणि एप्रिल 2021 च्या अखेरीस तो नेटफ्लिक्सवर आला. सोबत ‘संथ’ हे विशेषणही आलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मीही तो घरी, फोन बाजूला उलटा ठेवून पाहायला बसलो, पाऊण तासात तीनदा फोन सुलटा केला आणि हाच शब्द उच्चारून उठलो. काही महिन्यांनी रात्री, कानात हेडफोन घालून, पुन्हा पाहिला.

त्यात एक दृश्य वारंवार येतं. मुंबईच्या रिकाम्या रस्त्यावरून शास्त्रीय गाणं शिकणारा शरद नेरुळकर मोटारसायकलवरून चालला आहे, दृश्याची गती मंदावलेली आहे, मागे तानपुरा आहे आणि त्याच्या कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माई यांच्या जुन्या ध्वनिफिती. माई पडद्यावर कधीच दिसत नाहीत. आहे तो फक्त आवाज, सुमित्रा भावे यांचा. साधना कशी हवी, त्याग कसा हवा, हे तो आवाज शांतपणे सांगत राहतो. पहिल्यांदा मला वाटलं होतं, इथे काही घडत नाही. दुसऱ्यांदा दिसलं की इथेच सगळं घडतं. सुरुवातीला ते शब्द विशीतल्या मुलाला उचलून धरतात. पुढे तेच शब्द, तोच रस्ता, तशीच रात्र. पण मोटारसायकलवरचा माणूस वयाने वाढलेला, अंगाने सुटलेला, आणि आपल्याला जमणार नाही हे आतून कळून चुकलेला. आवाज तसूभरही बदललेला नाही, म्हणून माणूस किती बदलला ते मोजता येतं. ही मोजपट्टी कापून टाका आणि ‘गाणं न जमलेल्या माणसाची गोष्ट’ एवढंच एक वाक्य हाती उरेल.

आणि इथेच फोनवरच्या त्या दीडपट वेगाच्या बटणाचा विचार केला पाहिजे. त्या सोयीत आवाजाची पट्टी तीच राहते, पळते फक्त लय. म्हणजे गोष्ट हाती लागते आणि गाणं निसटतं. ‘डिसायपल’ दीडपट वेगाने पाहिलेल्या माणसाने तो पाहिला, असं मी म्हणणार नाही.

‘हे ठीक, पण लोकांना वेग लागतो’ हा पुढचा आक्षेप. तो पुराव्यावर टिकत नाही. मार्च 2025 मध्ये आलेल्या ‘ॲडोलसन्स’ या ब्रिटिश मालिकेचे चारही भाग प्रत्येकी एकाच अखंड शॉटमध्ये घेतलेले आहेत. तिसऱ्या भागात तर जवळपास पूर्ण वेळ एक खोली, एक टेबल, तेरा वर्षांचा जेमी आणि त्याच्याशी बोलायला आलेली मानसशास्त्रज्ञ, एवढंच आहे. ती त्याला आपलं अर्धं सँडविच देते. पुढे त्याच्या बोलण्यातून काय काय बाहेर येतं ते ऐकल्यावर, शेवटी एकटी उरलेली ती बाई टेबलावरचं ते चावा घेतलेलं सँडविच उचलू बघते आणि तिचा हात मागे येतो. एका सँडविचच्या तुकड्यावर सगळा भाग तोलला आहे. जगभरच्या लोकांनी श्वास रोखून ते पाहिलं आणि ‘संथ’ म्हणून कुणी वगळलं नाही. यावर कुणी म्हणेल, तिथे खून आहे, ताण आहे. बरोबर. म्हणजे प्रश्न वेगाचा नाही, पणाला काय लागलं आहे याचा आहे. हे एकदा कबूल केलं की मूळ आक्षेप उरत नाही.

आपल्या इथला दाखला हवा असेल तर ‘पंचायत’ घ्या. 2020 च्या पहिल्या भागात फुलेऱ्याला रुजू व्हायला आलेला सचिव कुलूपबंद कार्यालयासमोर उभा आहे आणि चावी सापडत नाही. भागाचा मोठा हिस्सा त्या चावीच्या शोधात जातो. संथ म्हणावं तर याहून संथ काय असेल? पण चावी शोधता शोधता गाव कळतं, प्रधानपतीचा स्वभाव कळतो, आणि नोकरी पत्करून आलेल्या त्या मुलाचा पडलेला चेहरा मनात बसतो. घराघरांत ती मालिका सगळ्यांनी मिळून पाहिली. उलट 2025 च्या चौथ्या पर्वात निवडणूक आहे, दोन गट आहेत, लौकी आणि कुकर ही चिन्हं आहेत, रोज नवा डाव आणि नवा प्रतिडाव आहे. घडामोडी भरपूर, आणि तिथेच मला पहिल्यांदा या मालिकेचा कंटाळा आला, कारण माणसं होती तिथेच राहिली आणि फक्त प्रसंग बदलत गेले. माझा सल्ला विचाराल तर पहिली दोन पर्वं सावकाश पाहा, चौथं राहिलं तरी हळहळू नका.

पसरट म्हणजे काय ते पाहायचं तर ‘हीरामंडी’. संजय लीला भन्साळी यांची ही 2024 ची आठ भागांची मालिका डोळ्यांचं पारणं फेडते, हे मान्य. पण तिथे कॅमेरा झुंबरावर, जरीवर, दागिन्यांवर थांबतो, आणि थांबून त्या बायकांबद्दल आपल्याला नवं काहीच सांगत नाही. हे थांबणं आणि ‘डिसायपल’मधलं थांबणं एकाच शब्दात कोंबणं हा अन्याय आहे. ‘हीरामंडी’ वगळली तर माझ्या मते फार काही गमावणार नाही.

आणि वगळू नये असा सिनेमा म्हणजे पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’. 2024 मध्ये कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं. सिनेमा बहुतांशी मल्याळममध्ये असला तरी तो मुंबईचा आहे, आणि उत्तरार्धात तो रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जातो. रुग्णालयात स्वयंपाकाचं काम करणारी पार्वती छाया कदम यांनी केली आहे. कित्येक वर्षं जिथे राहिली ते घर तिचं असल्याचा एकही कागद तिच्याकडे नाही, म्हणून ते तिला सोडावं लागतं. मुंबईत गिरणगावाच्या जागी उभे राहिलेले टॉवर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पण मला बोलायचं आहे ते कुकरबद्दल. प्रभा या नर्सचा नवरा लग्नानंतर जर्मनीला गेला आणि त्याचा फोन येणंही थांबलं. एक दिवस घरी पार्सल येतं: लालचुटूक विजेचा राइस कुकर. कुणी पाठवला ते लिहिलेलं नाही. तळाशी मात्र जर्मनीत बनवल्याची खूण आहे. रात्री घरात अंधार असताना प्रभा जमिनीवर बसते आणि त्या कुकरला मिठीत घेते. संवाद नाही. वेगवान सिनेमात हीच गोष्ट ती मैत्रिणीला रडत रडत सांगेल, आपल्याला माहिती मिळेल आणि आपण पुढे जाऊ. इथे माहिती मिळत नाही. एका बाईचे हात एका भांड्याभोवती किती वेळ राहतात ते पाहावं लागतं, आणि तो वेळ हीच तिची गोष्ट आहे.

रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ याच जातीचा. जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक चित्रपट विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं, आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला. वडील गेले म्हणून मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो आणि तिथे त्याला लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो. ज्याने घरात सुतक पाळलं आहे त्याला ठाऊक आहे की ते दहा दिवस कसे जातात. वेळ सरत नाही. अंगणात माणसं येतात, बसतात, लग्न कधी करणार म्हणून विचारतात आणि उठून जातात. हा सिनेमा भरभर चालला असता तर तो खोटा ठरला असता. सुतकाची लय हीच त्याची लय आहे, आणि त्या थांबलेल्या वेळातच दोन माणसांना एकमेकांजवळ सरकायला जागा मिळते.

हे सगळं एवढ्या जोराने सांगण्याचं एक कारण व्यवहाराचंही आहे. मराठी सिनेमाला पडदे आधीच कमी मिळतात आणि वेळा अडचणीच्या असतात. शुक्रवारी लागलेल्या सिनेमाबद्दल रविवारपर्यंत ‘संथ आहे’ एवढे दोन शब्द फिरले की पुढच्या आठवड्यात त्याचे शो उतरतात, आणि ज्याला तो आवडला असता त्याला तो कधी लागून गेला हेही कळत नाही. दोन शब्दांचं मत देणाऱ्याने एवढी जबाबदारी घ्यावी. रटाळ वाटला तर ‘रटाळ’ म्हणा, आणि कुठे तेही सांगा.

शेवटी पुन्हा ताम्हाणे यांच्याकडेच, 2014 च्या ‘कोर्ट’कडे. गटारात उतरणाऱ्या कामगाराला आपल्या गाण्याने आत्महत्येला प्रवृत्त केल्याच्या आरोपावरून लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला चालतो. कांबळे यांची भूमिका वीरा साथीदार यांची. त्या कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते आणि विचारलं तेवढंच सांगते: तो गटारात आधी खडा टाकून बघायचा, झुरळ वर आलं की समजायचं, आत हवा आहे. एवढं ऐकायला न्यायालय लागतं, तारखा लागतात, टंकलेखन लागतं, आणि सिनेमा तो सगळा वेळ तुमच्याकडून घेतो. गीतांजली कुलकर्णी यांची सरकारी वकील कोर्टातून निघून लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, ताटं वाढते. हे कशाला दाखवलं, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. कुणाच्या तरी आयुष्याचा फैसला मागणारी ही बाई आपल्या शेजारच्या घरातली आहे, हे दुसऱ्या कशाने कळलं असतं?

2015 मध्ये मी तो चित्रपटगृहात पाहिला. अखेरीस कोर्टाला सुट्टी लागते, दालन रिकामं होतं, दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काळोखा होतो. माझ्या पुढच्या दोन रांगांतली माणसं उठली, पिशव्या सावरत दाराकडे गेली. सिनेमा संपला नव्हता. त्यानंतर न्यायाधीश सहकुटुंब सहलीला जातात, बागेतल्या बाकावर त्यांचा डोळा लागतो आणि पुढे काय होतं ते दारापर्यंत पोहोचलेल्यांनी पाहिलं नाही. ‘कोर्ट’ पाहा, आणि दिवे मालवल्यावर उठू नका.