जांबपासून मलपृष्ठापर्यंत

दासबोधाच्या पहिल्या समासात गणपतीचे स्तवन नाही. ते दुसऱ्या समासात येते, त्यानंतर शारदा, सद्गुरू, संत यांचे. जुन्या मराठी ग्रंथाची सुरुवात एरवी वंदनाने होते. ज्ञानेश्वरीही तशीच सुरू होते. दासबोधात मात्र सर्वांत आधी श्रोता प्रश्न विचारतो: हा ग्रंथ कोणता, यात सांगितले आहे काय, आणि तो ऐकून पदरात काय पडणार? पुस्तकाच्या दुकानात एखादे पुस्तक उलटे करून मागची बाजू वाचणाऱ्या माणसाच्या मनात आजही हेच तीन प्रश्न असतात.

हा समास रचणारे नारायण सूर्याजी ठोसर, म्हणजेच समर्थ रामदास, 1608 साली जांब या गावी जन्मले. जांब आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. जिल्हा अगदी अलीकडचा, 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आलेला. पण गोदावरीच्या या पट्ट्यातला लिहिण्याचा संस्कार फार जुना आहे. समर्थांच्या घरातच तो होता. त्यांचे थोरले बंधू गंगाधरपंत, ज्यांना संप्रदायात श्रेष्ठ म्हणतात, त्यांनीही ग्रंथरचना केली.

‘ग्रंथारंभलक्षण’ नावाचा तो पहिला समास पुस्तकाची ओळख करून देण्याच्या कामाचा नमुना म्हणून वाचण्यासारखा आहे. समर्थ आधी ग्रंथाचे नाव सांगतात आणि तो गुरू-शिष्यांचा संवाद आहे, हे स्पष्ट करतात. मग विषयांची यादी येते: भक्ती, ज्ञान, वैराग्य, अध्यात्म. त्यापाठोपाठ आधार कोणते, तेही येते. उपनिषदे, वेदान्त आणि भगवद्गीतेसह अनेक गीता यांची नावे ते मोजून देतात. ग्रंथ पुरता न वाचताच दूषण देणाऱ्याला ते तिथेच बजावतात आणि शेवटी वाचणाऱ्याला काय लाभ होईल, ते सांगतात. वीस दशक, दोनशे समास आणि 7,751 ओव्यांच्या ग्रंथाची ही ओळख एका छोट्या समासात आटोपते. अखेरच्या समासात ग्रंथाची मोजदाद पुन्हा येते, आणि साधकाने तो घाई न करता पाहावा, अशी सूचनाही.

ही ओळख ग्रंथाच्या पोटातच का लिहावी लागली? कारण बाहेर लिहायला जागाच नव्हती. पोथीची पाने सुटी असत, वर-खाली फळ्या आणि त्यावर कापडाचे बासन. बासनावर मजकूर नसे. पोथीच्या या देहाकडे समर्थांचे किती बारीक लक्ष होते, ते एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात दिसते. अक्षर वाटोळे आणि सुटे असावे, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकाच हाताचे वाटावे; तरुणपणी फार बारीक लिहिले तर म्हातारपणी वाचता येणार नाही, म्हणून अक्षर मध्यम आकाराचे ठेवावे; कागदाच्या कडा झिजतात, म्हणून भोवती जागा सोडावी. शाई, लेखण्या, कागद, बासने, दोऱ्या, पेट्या, सगळ्याचा तिथे विचार आहे. ग्रंथाच्या आत काय आहे आणि तो बाहेरून कसा जपायचा, या दोन्ही गोष्टी या लेखकाने ग्रंथातच लिहून ठेवल्या.

याचा एक मोठा परिणाम झाला. ओळख ग्रंथाचा भाग असल्यामुळे जो नकलून घेई, त्याला तीही नकलावी लागे. पोथीबरोबर ती गावोगाव गेली, वाचली गेली, ऐकली गेली. ग्रंथाने पुढे काय दिले, हे श्रोता त्याच बैठकीत ताडून पाहू शकत होता.

मराठीत हे काम एकाच प्रकारे होत नव्हते. गुरुचरित्राच्या शेवटी अवतरणिका येते. तीत साऱ्या अध्यायांचा गोषवारा क्रमाने असतो. श्रीधरस्वामींच्या 1718 मधल्या शिवलीलामृताची फलश्रुती पारायण करणाऱ्याला काय मिळेल, ते सांगते. जालन्याच्या शेजारी, पैठणला, एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि या पाठात कोणी आपली ओवी घालू नये, असा कडक इशारा शेवटी जोडला. गोषवारा, लाभ आणि आवृत्तीची खात्री, ही आजच्या मलपृष्ठावरची तिन्ही कामे तेव्हा ओवीत होत होती.

छपाई आली आणि ही जागा हलली. पुस्तकाचे नामपृष्ठ लांबलचक झाले. ग्रंथाचा विषय, कर्ता, आवृत्ती, छापखाना सारे तिथे. सविस्तर ओळख मात्र प्रस्तावनेकडे गेली. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात होती. तिच्या आधारे धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1905 मध्ये ग्रंथ छापून काढला, तेव्हा ही प्रत कुठली आणि ती का विश्वासार्ह, हे सांगण्याची जबाबदारी संपादकाच्या अंगावर आली.

पाश्चात्त्य देशांत याच काळात कागदी वेष्टन रूढ होत होते. ते आरंभी केवळ धुळीपासून बचावासाठी होते. 1829 मधले एक इंग्रजी वेष्टन ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात सापडले आहे. वाचकाला ओढण्यासाठी या बाह्यांगाचा उपयोग पुढे झाला. वॉल्ट व्हिटमनने आपल्या कवितासंग्रहाच्या 1856 च्या आवृत्तीच्या कण्यावर इमर्सनच्या खासगी पत्रातले वाक्य सोनेरी अक्षरांत छापले, तेही त्याला न विचारता. अमेरिकी लेखक जिलेट बर्जेस याने 1907 मध्ये आपल्या पुस्तकाच्या वेष्टनावर ‘मिस बेलिंडा ब्लर्ब’ नावाची तरुणी छापून असल्या वारेमाप स्तुतीची टर उडवली. तिचे आडनाव या मजकुराला कायमचे चिकटले.

मराठीत प्रस्तावनेची परंपरा इतकी भक्कम होती की वेष्टनावरच्या मजकुराला तिचा वारसा आपोआप मिळाला. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना लाभली. कामाठीपुऱ्याचे ते जग आणि तिथली भाषा पांढरपेशा वाचकाला अनोळखी होती. त्याला दारापर्यंत नेण्याचे काम तेंडुलकरांनी केले. पुलंच्या प्रस्तावना तर ‘चार शब्द’ नावाने स्वतंत्र पुस्तकात वाचल्या जातात. प्रस्तावनेखाली सही असते, म्हणून ती लेखकाच्या नावावर जमा होते. वेष्टनाच्या घडीवरचा मजकूर बहुधा निनावी असतो. संपादक किंवा प्रकाशनसंस्थेतला कोणी जाणता माणूस तो लिहितो आणि मागे राहतो.

हे काम सोपे नाही. कादंबरीचे सूत्र सांगायचे, पण शेवट फोडायचा नाही. कवितेचा स्वर दाखवायचा, पण ओळींची उसनवारी करायची नाही. जेमतेम शे-दीडशे शब्दांत पुस्तक कोणासाठी आहे, हे खरेपणाने सांगायचे. मुंबई-पुण्यात छापलेले पुस्तक परतूर किंवा भोकरदनच्या वाचनालयात पोचते, तेव्हा त्याच्याबद्दल बोलणारे तिथे दुसरे कोणी नसते. तिथल्या वाचकाला खोटी स्तुती महागात पडते, कारण त्याच पैशात दुसरे पुस्तक आले असते. समर्थांनी विषय आणि आधार आधी सांगितले, लाभ नंतर. हा क्रम मराठी मलपृष्ठांनी पाळावा, असे मनापासून वाटते.

टी. एस. इलियट फेबर या प्रकाशनसंस्थेत असताना असे मजकूर लिहीत असे. इटलीच्या आदेल्फी प्रकाशनाचे रोबेर्तो कालासो यांनी तर हजाराहून अधिक पुस्तकांच्या घड्यांवर लिहिले, आणि त्यांतले निवडक शंभर 2003 मध्ये पुस्तकरूपाने आले. मौज, पॉप्युलर, ग्रंथाली यांच्या जुन्या वेष्टनांतूनही असा संग्रह उभा राहू शकतो. त्यासाठी वेष्टने टिकली पाहिजेत. वाचनालयात पुस्तक खिळखिळे झाले की ते पक्क्या बांधणीला जाते आणि वेष्टन रद्दीत. बांधणीआधी दोन्ही घड्या आणि मलपृष्ठ कापून आतल्या पुठ्ठ्याला चिकटवायला थोडी खळ आणि पाच मिनिटे पुरतात. जालना जिल्ह्यातल्या वाचनालयांनी ही सवय लावून घेतली, तर उद्याच्या अभ्यासकाला त्या निनावी लिहिणाऱ्यांचे काम निदान हाताशी सापडेल.