केम्पली येथील सेंट मेरी चर्च

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यातील, नित्य उपासनेसाठी आता वापरात नसलेले मध्ययुगीन चर्च. डिमॉक गावाजवळच्या सखल शेतजमिनीत ते एकटेच उभे आहे. बांधकाम नॉर्मन काळातले, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. पश्चिमेचा बुटका मनोरा मागाहून जोडलेला. वृक्षवलयांवरून काढलेल्या कालमापनानुसार छपराची लाकडेही मूळ बांधकामाइतकीच जुनी असून, ब्रिटनमध्ये अजून जागेवर टिकलेल्या सर्वांत जुन्या छपरांत त्यांची गणना होते.

बाहेरून चर्च साधेच; खरे वैभव आत वेदीच्या दालनात आहे. त्याच्या कमानदार दगडी छतावर, गिलावा ओला असतानाच रंगवलेली बाराव्या शतकातील भित्तिचित्रे आहेत. मध्यभागी इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त, भोवती सूर्य, चंद्र, तारे आणि शुभवर्तमानकारांची प्रतीके. खाली उत्तर व दक्षिण भिंतींवर सहा-सहा प्रेषित ओळीने बसले आहेत, आणि सगळ्यांच्या माना वर, ख्रिस्ताकडे वळलेल्या. तांबूस गेरू आणि पिवळ्या मातीच्या छटांत रेखलेल्या या आकृत्या काहीशा ताठर वाटतात, पण सगळ्या नजरा एका ठिकाणी नेण्याची चित्रकाराची हातोटी पक्की आहे. बाहेरच्या सभादालनातील चित्रे नंतरची, कोरड्या पृष्ठभागावर काढलेली. त्यांत मानवी आयुष्याच्या अवस्था दाखवणारे चक्र उल्लेखनीय.

धर्मसुधारणेनंतर या चित्रांवर चुना फासला गेला. हेतू ती झाकण्याचा होता; प्रत्यक्षात त्याच चुन्याने ती राखली. 1872 मध्ये ती पुन्हा उजेडात आली, तेव्हा जपणुकीसाठी त्यांवर लाखेचे व्हार्निश चढवण्यात आले. हा उपाय चुन्यापेक्षा महाग पडला म्हणायचा: थर काळवंडला, रंग झाकोळले. अखेर 1955 मध्ये तो काढून चित्रे स्वच्छ केली गेली.

वस्ती केम्पली ग्रीनच्या बाजूला सरकल्यामुळे जुने चर्च भाविकांना गैरसोयीचे झाले होते. 1903 मध्ये अर्ल बीचम यांच्या आश्रयाने, वास्तुकार रँडल वेल्स यांच्या आराखड्यानुसार तिकडे सेंट एडवर्ड हे नवे चर्च उभे राहिले. जुनी वास्तू आता ‘इंग्लिश हेरिटेज’ या संस्थेकडे आहे. हा परिसर रानटी डॅफोडिलसाठी प्रसिद्ध असल्याने वसंतात येणे उत्तम. चित्रांसाठी मात्र डोळे अंधाराला सरावेपर्यंत आत थांबावे लागते.