कोवळीं हाडें आणि सुश्रुत

प्राचीन शस्त्रवैद्यकाचा अभिमान मिरवावयाचा झाला म्हणजे आम्ही बहुधा नाकाचीच गोष्ट सांगतों. कावसजी नांवाच्या गाडीवानास पुण्याकडे कपाळाच्या कातड्याचें नवें नाक बसविलें आणि १७९४ सालीं लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’नें ती हकीकत छापली, हें खरें. परंतु वऱ्हाडांतील इंझोरीसारख्या गांवीं झाडावरून तोंडघशीं पडलेल्या पोराच्या आईबापांस याहून उपयोगाचें असें सुश्रुतसंहितेंत पुष्कळ आहे.

मोडलेला सांधा बाल्यांत एका महिन्यांत स्थिर होतो, मध्यम वयांत दोन, उतारवयांत तीन, असें सुश्रुत सांगतो. बसलेलें नाक सळईनें सरळ करावें, नाकपुड्यांत दुतोंडी नळ्या घालाव्या, वर पट्टी बांधून तूप शिंपावें. तरुणाचे हललेले दांत दाबून जागीं बसवावे व त्यास कमळाच्या देंठांतून दूध पाजावें. म्हाताऱ्याच्या दांतांच्या वाटेस मात्र जाऊं नये! देंठाची ही नळी आम्हांस फार आवडते. जबडा न हलवितां पोट भरण्याची युक्ति तींत आहे.

आजचे शस्त्रवैद्यहि वय पाहूनच हात घालतात. पोराच्या जबड्यांत पक्क्या दांतांचे अंकुर दडलेले असल्यामुळें तेथें स्क्रू बेतानेंच मारावा लागतो. म्हणून पुष्कळदां दांतांवर ॲक्रिलिकचा सांचा बसवून तो तारेनें जबड्यास बांधतात व दोनतीन आठवड्यांनीं काढतात. कानापुढील सांध्यापाशीं मोड असेल तर जबडा फार दिवस जखडीत नाहींत. सांधा आखडून तोंड उघडेनासें होतें, हनुवटीची वाढ खुंटते. शिवाय कोवळें हाड जितकें लवकर सांधतें तितकेंच लवकर वांकडेंहि सांधतें. हळदीचा लेप लावून सूज ओसरण्याची वाट पाहणाऱ्या आईबापांस सुश्रुताचा तो महिना मिळत नाहीं. आठवड्याभरांतच हाड धरूं लागतें.