जर्दाळूची उत्तरेकडची वाटचाल

आपल्याकडे जर्दाळू येतो तो सुकलेला, सुक्यामेव्याच्या दुकानात. नाव फारसी. 'जर्द' म्हणजे पिवळा आणि 'आलू' म्हणजे आलुबुखार. रोमन लोक त्याला आर्मेनियाचं फळ समजत, पण त्याचं मूळ चीन आणि मध्य आशियाकडचं. असं हे फळ मॉस्कोच्या बर्फात पिकवायचं, या हट्टापायी काही माणसांनी आयुष्यं वेचली.

कडक थंडीनं हे झाड मरतं, हा समज अर्धाच खरा. मांचुरियातला रानटी जर्दाळू उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी सोसतो. पण त्याची झोप फार सावध! जानेवारीच्या सुमारास ती पुरी होते. सायबेरियात तेव्हा थंडी हलत नाही, त्यामुळे कळ्या मिटलेल्याच राहतात. मॉस्कोकडे मात्र मध्येच चार दिवस ऊब येते, कळ्या फसतात आणि मागून आलेली थंडी त्यांना जाळते. शिवाय ओल्या बर्फाखाली बुंध्याची साल कुजते. म्हणून तिकडचे बागाईतदार हे झाड उंचवट्यावर लावतात.

इव्हान मिचुरिन हा कोझलोव्ह गावचा रेल्वे कारकून. १८७५ मध्ये त्यानं भाड्याच्या तुकड्यावर बाग सुरू केली. दक्षिणेतल्या गोड वाणांची कलमं काटक खुंटावर बांधली की ती थंडीला सरावतील, ही त्याची पहिली आशा. ती कलमं गारठून गेली. मग त्यानं कोयी पेरल्या, दूरदूरच्या वाणांचे संकर केले. १९०० मध्ये तर त्यानं रोपवाटिकाच हलवली, तीही मुद्दाम हलक्या जमिनीत, रोपं लाडावू नयेत म्हणून! त्याच्या जर्दाळूंची नावं 'मोंगोल' आणि 'तोवारिश्च', म्हणजे कॉम्रेड.

मिचुरिन १९३५ मध्ये वारला. पुढं लिसेंकोनं त्याचं नाव झेंड्यासारखं मिरवलं. वनस्पतींचं बीजधन जगभर फिरून गोळा करणारा वाव्हिलोव्ह १९४० मध्ये पकडला गेला आणि १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावला. १९४८ मध्ये तर जनुकशास्त्रच सरकारी आज्ञेनं खोटं ठरलं. बागेतल्या एका साध्या, कष्टाळू माणसाच्या नावावर एवढं पाप चढावं, हे मला फार लागतं.

पुढचं काम मॉस्कोच्या मुख्य वनस्पती उद्यानात गाजावाजा न करता झालं. अलेक्सेई स्क्वोर्त्सोव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञानं कोयी पेरल्या. हिवाळ्यानं मारलं ते गेलं. उरलेल्या झाडांच्या कोयी पुन्हा पेरल्या. कोयीपासून फळ यायला चार-पाच वर्षं तरी लागतात, म्हणजे दोन-तीन पिढ्यांतच माणसाची उमेद सरते. या शतकाच्या पहिल्या दशकात 'आइसबर्ग', 'अल्योशा', 'मोनास्तिर्स्की' हे वाण अधिकृत यादीत आले. स्क्वोर्त्सोव्ह २००८ मध्ये गेले.